ताई, तुझं बारीक होणं

ताई,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुझा फोटो मधोमध, त्याला पांढऱ्या फुलांचा हार, समोर सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाल्यावर अध्यक्ष काका बोलायला उभे राहिले. माइक हातात आला की ते सोडत नाहीत, तुला ठाऊक आहे. पतपेढीतली तुझी नोकरी, महिला मंडळ, धम्मवर्गाला येणाऱ्या पोरांसाठी तू करायचीस ते शेंगदाण्याचे लाडू, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "शोभाताईंकडून एक गोष्ट आपण सगळ्यांनी शिकावी. जिद्द! पन्नाशीच्या बाईनं चालून चालून केवढं वजन कमी केलं! त्यांच्या भावानं, मिलिंदनं, ते पावलं मोजायचं मशीन आणून दिलं आणि ताईंनी ते शेवटपर्यंत कमरेचं काढलं नाही. असा भाऊ सगळ्यांना मिळो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून कोणीतरी पाठीवर हात ठेवला. नंतर माझंच नाव पुकारलं. मी उठलो, माइक घेतला, "ताई" एवढं म्हणालो आणि परत दिला. लोकांना वाटलं, गहिवरलाय बिचारा. तसं नव्हतं गं. मला लाज वाटत होती. तू झिजत होतीस आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो, सगळ्यात जोरात मी. हे त्या माइकवर कसं सांगणार होतो? म्हणून तुलाच सांगतोय.

मशीन आणलं तो दिवस मला चांगला आठवतो. उल्हासनगरला आमच्या दुकानात घड्याळं, कॅल्क्युलेटर, रेडिओ असला बाहेरून आलेला माल असतो. त्यात एका खोक्यात ही मशिनं आली. काडेपेटीएवढी, मागे क्लिप, पुढे काच. कमरेला लावून चाललं की आकडा वाढतो. महिनाभर एकही विकलं गेलं नाही. गिऱ्हाईक हातात घेऊन बघायचं आणि ठेवून द्यायचं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, साखर वाढलीय, वजन उतरवा, चाला. मी शेठना म्हणालो, माझ्या बहिणीला एक नेतो. शेठ म्हणाले, "ले जा साईं, बहन के लिए पूछता क्या है. कोई तो चलाए इसको."

बदलापूरला तुझ्या घरी आलो तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. पिठाच्या हातांनीच तू ते घेतलंस आणि कानाशी नेऊन हलवलंस. "आत काहीतरी टकटकतंय रे मिल्या."

"ते पाऊल मोजतं. कमरेला लाव."

तू निऱ्यांच्या वर खोचलंस आणि स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत जाऊन आलीस. आकडा जागचा हलला नाही. परकराच्या नाडीला लावून पाहिलं, पदराखाली लावून पाहिलं. साडीत ते मोजेचना. दाजी पेपर वाचत बसले होते, ते हळूच म्हणाले, "शोभा, मशीन पंजाबी ड्रेसवालं दिसतंय." तू एवढी हसलीस की खुर्चीत बसलीस.

आणि तू ड्रेस शिवलास! आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी जिना उतरताना ओढणी डोक्यावरून घेतलीस, बिल्डिंगमधल्या बायका बघतील म्हणून. मला फोनवर म्हणालीस, "कॉलेजात चालल्यासारखं वाटलं." मग सकाळी चालायला निघालीस की मला एक मिस्ड कॉल द्यायचीस आणि संध्याकाळी फोन करून आकडा सांगायचीस. आकडा चांगला असला तर मी वा म्हणायचो. कमी असला तर गप्प बसायचो. माझ्या त्या गप्प बसण्याला केवढं वजन होतं, ते मला आत्ता आत्ता कळतंय.

रविवारी मी बदलापूरला यायचो आणि आपण बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचो. त्या रविवारांबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आई गेल्यापासून आपण दोघं नुसते असे कधी बोललोच नव्हतो. सणावारी भेटायचो, पोराबाळांच्या गर्दीत. त्या रस्त्यावर तू मला आईच्या इतक्या गोष्टी सांगितल्यास, ज्या मला लहान म्हणून कोणी सांगितल्याच नव्हत्या. आई कारखान्यातून येताना रडायची आणि घराच्या वळणावर डोळे पुसून आत यायची, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. भातखाचरांच्या कडेनं आपण चालायचो, करवंदं घेऊन बसलेल्या आजीशी तू हटकून बोलायचीस आणि परत चालायला लागलीस की मला मागे टाकायचीस. मला धाप लागायची. तू वळून म्हणायचीस, "चल ना म्हाताऱ्या!"

एकदा तू माझ्या शिक्षणाचा विषय काढलास. तू बारावीनंतर नोकरीला लागलीस ती मी शिकावं म्हणून, आणि मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून दुकानात उभा राहिलो. तेवीस-चोवीस वर्षं झाली त्याला, पण तुझ्या मनातून ते गेलं नव्हतं.

"बाहेरून परीक्षा दे. अजून देता येते," तू म्हणालीस.

"मला आता डिग्री कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

मी चिडलो. म्हणालो, "मी सांगितलं होतं तुला, माझ्यासाठी नोकरी कर म्हणून?"

तू भराभर पुढे गेलीस. मी मागून येत राहिलो. पुढच्या रविवारी तू डब्यात माझ्यासाठी थालीपीठ आणलंस आणि तो विषय तिथेच राहिला. मला वाटलं होतं, रस्ता कुठे पळून जातोय, बोलू कधीतरी. ताई, तू नोकरी केलीस म्हणून माझ्या पायात चपला होत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं.

वजन उतरायला लागलं. पहिले काही महिने ते खरंच चालण्यानं उतरलं असेल. तू जिने चढायला लागलीस, गुडघा दुखायचा थांबला, तोंडावर तेज आलं. चालणं कुठे संपलं आणि आजार कुठे सुरू झाला, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं, तेही नाही म्हणाले.

दिवाळीनंतर अंबरनाथला चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. तू हॉलमध्ये शिरलीस आणि बायकांनी तुला घेरलं. "अगंबाई, शोभा का ही? अर्धी झालीस की!" "काय खातेस गं? आम्हाला तरी सांग." लहानपणापासून तुला सगळे जाडी म्हणत आले. शाळेत, नात्यात, तुला बघायला आलेल्या पाहुण्यांत. मीही म्हणायचो, ढब्बू ताई. त्या दिवशी तू मधे उभी होतीस आणि नव्या नवरीसारखी लाजत होतीस. मी कोपऱ्यातून सगळ्यांना सांगत सुटलो होतो, "मशीन मी दिलंय. आमच्या दुकानातलं."

ही गोष्ट मी शेठना सांगितली. ते म्हणाले, "अरे, तेरी बहन तो मॉडल हो गई! फोटो ला दोनों, पहले का और अभी का. काच के नीचे लगाते हैं." मी आणले. पहिला माझ्या लग्नातला, हिरव्या साडीत, गाल जिलेबीनं फुगलेले, हसताना डोळे बारीक झालेले. दुसरा अंबरनाथच्या लग्नातला. दोन्ही काउंटरच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवले. आणि मशिनं खपायला लागली, ताई. गिऱ्हाईक आलं की मी बोट ठेवून सांगायचो, "ये मेरी सगी बहन है. देखो."

तुला सांगितलं तेव्हा तू हसलीस. "मला बाजारात मांडलंस होय रे?" हसलीस म्हणून मी तो होकार धरला. दोन आठवड्यांनी तू परत म्हणालीस, "तो जाडा फोटो तरी काढ. कोणीही बघतं." मी हो म्हणालो आणि काढला नाही. त्या फोटोशिवाय दुसऱ्या फोटोला अर्थच नव्हता ना! त्या दोघींमधलं अंतर दाखवूनच मी विकत होतो. काचेवरून रोज फडकं मारायचो, रोज तुला बघायचो, आणि मला दिसलं नाही की दुसऱ्या फोटोत तुझ्या गळ्याची हाडं वर आलीत. बांगडी कोपरापर्यंत घसरलीय. घड्याळाच्या आतला केसाएवढा दोष मला भिंगाशिवाय दिसतो, आणि समोर काचेखाली तू होतीस.

आणि तो पुलावरचा रविवार. थंडी होती. तू स्वेटर घालून, वर शाल घेऊन आली होतीस. धरणाच्या रस्त्याला ओढ्यावर लहानसा पूल आहे, तिथल्या कठड्यावर तू बसलीस.

"आज नको रे पुढे."

"का? आत्ता तर निघालो."

"पाठ दुखतेय. आणि भूकच नाही लागत आजकाल. जीव नाही अंगात."

मी काय म्हणालो, ते मला शब्द न् शब्द आठवतं. तुलाही आठवत असेल. मी म्हणालो, "भूक लागत नाही हे चांगलंच की. ताई, आता कारणं नको सांगूस. इतकं केलंस आणि आता ढेपाळलीस तर सगळं परत चढेल. परत तीच ढब्बू ताई." आणि वर हात धरून तुला उठवलं. हातात काही लागलंच नाही गं, नुसतं स्वेटर आणि हाड. तरी मला कळलं नाही. तू उठलीस. ओढणी सारखी केलीस आणि चालायला लागलीस. त्या दिवशी तू मला मागे टाकलं नाहीस. मी पुढे होतो, आणि वळून वळून म्हणत होतो, चल, चल.

त्यानंतरही महिना गेला. तुझे डोळे पिवळे दिसायला लागले ते दाजींनी पाहिलं. मला वाटलं, साधी कावीळ. सोनोग्राफी झाली, मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" तू उत्तर द्यायच्या आत मीच बोललो, सवयीनं, छाती काढून. "ते चालण्यानं उतरलंय मॅडम. ती रोज चालते."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तुला विचारलं, "भूक कधीपासून कमी झाली?"

तू आधी माझ्याकडे बघितलंस. मग खाली बघून म्हणालीस, "बरेच महिने झाले."

त्या बघण्यानं मी मेलो, ताई. पन्नाशीची बाई डॉक्टरला खरं सांगायच्या आधी धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघत होती.

स्वादुपिंडात होतं आणि पसरलं होतं. दाजी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर काउंटरपाशी एक नवरा-बायको वाकून तुझे फोटो बघत होते. बायको नवऱ्याला म्हणत होती, "देखो ना, कितना फरक है." मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि काच उचलायला लागलो. एकट्याला उचलेना. शेठ गल्ल्यावरून उठून आले, दुसऱ्या बाजूनं त्यांनी काच धरली. फोटो माझ्या हातात देताना म्हणाले, "मिलिंद, मेरे को क्या पता था साईं." ते रडत होते. मलाही कुठे माहीत होतं, असं मी म्हणू शकत नव्हतो. ते तुला कधी भेटले नव्हते. मी दर रविवारी तुझ्याशेजारून चालत होतो. आता कोणी ते मशीन मागितलं तर मी आतल्या बाजूला जातो आणि दुसऱ्याला पुढे करतो.

हॉस्पिटलात एका दुपारी दाजी जेवायला खाली गेले होते. मी तुझ्याजवळ बसून मोसंबी सोलत होतो. तू खाणार नव्हतीस, तरी सोलत होतो. तू म्हणालीस, "मिल्या, मला कळत होतं रे."

"काय?"

"काहीतरी बिघडलंय ते. स्वतःचं अंग कळतंच की. पण ना, पहिल्यांदाच लोक मला बारीक म्हणत होते. मला ते आवडत होतं. वाटायचं, डॉक्टरकडे गेले तर हे संपेल. थोडे दिवस आणखी."

मी मोसंबीच्या फोडी करत राहिलो. हे तू मला सोडवायला बोललीस की खरंच तसं होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही. खरं असलं तरी मला त्यातून सुटका मिळत नाही. जाडेपणाची लाज तुझ्या मनात ज्यांनी घातली, त्यात पहिला मी होतो. ढब्बू हे नाव घरात मीच आणलं होतं.

परवा विहारात जेवणं झाल्यावर मी आणि दाजी चटया गुंडाळत होतो. दाजींनी खिशातून ते मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे तुझं."

"तुमच्याकडेच ठेवा दाजी. ताईच्या कमरेला होतं."

ते चटईवर बसले. मला बस म्हणाले. "मिलिंद, अध्यक्षांना माहीत नाही. दिवाळीनंतर ते माझ्याच कमरेला होतं."

मला समजलं नाही.

"शोभाला चालवतच नव्हतं. म्हणाली, तुम्ही कंपनीत लावून जा, तुमचं चालणं होतंच दिवसभर. मिल्यानं हौसेनं दिलंय, आकडा कमी सांगितला की गप्प होतो, त्याला वाईट वाटतं. तर मी लावायचो. आनंदनगरला आमचं पॅकिंग खातं केवढं मोठं, इथून तिथे फेऱ्या मारायच्याच. संध्याकाळी तिला आकडा सांगायचो, ती तुला सांगायची. रविवारी तेवढं तिच्याकडे."

"आणि सकाळचा मिस्ड कॉल?"

"खाली बागेत बाकावर बसून द्यायची. अर्धा तास बसायची आणि वर यायची."

मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत. आवाज चढला माझा. बायका भांडी आवरायच्या थांबल्या. दाजी शांतपणे म्हणाले, "मला वाटलं, कंटाळली असेल. वजन तर उतरतच होतं." मग बराच वेळ चटईच्या काठाची सुटलेली काडी ओढत बसले. "माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही रे. चालतोय मी, आणि बारीक ती होतेय."

त्या महिन्यांत तुझे आकडे वाढले होते, ताई. मी फोनवर म्हणालो होतो, "वा! आता खरी रंगात आलीस." तू म्हणालीस, "हो ना." माझ्या शाबासकीसाठी तुला नवऱ्याला चालवावं लागलं, आणि तुझं थकणं तू मला सांगू शकली नाहीस. पुलावर एकदा सांगून बघितलंस. मी काय केलं ते सांगून झालंच आहे.

दाजी आणि मी तिथेच बसून राहिलो. कोणी कोणाची समजूत काढली नाही. शेवटी ते म्हणाले, "येत जा रविवारी. घर खायला उठतं." मी येईन. चालायला नाही, नुसता बसायला.

आणखी एक राहिलंय. शेवटच्या आठवड्यात नर्स तुझे केस विंचरून गेली होती. तू मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "आता कशी दिसते रे मी?" मी चादर सारखी केली आणि म्हणालो, "बरी दिसतेस." तू डोळे मिटलेस.

मला दुसरंच बोलायचं होतं. बदलापूर गावातल्या त्या एका खोलीत आई दुसऱ्या पाळीला जायची तेव्हा मी तुझ्या कुशीत झोपायचो. थंडीत आपल्या दोघांत एकच गोधडी होती. तुझा दंड मऊ होता, गुबगुबीत आणि गरम. त्यावर गाल टेकला की मला आईची आठवण यायची बंद व्हायची. पोरं मला विचारायची, तुझी बहीण एवढी जाडी कशी, आणि मी त्यांच्याबरोबर हसायचो, आणि घरी येऊन परत त्याच दंडावर झोपायचो. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा सुंदर म्हणून जे पाहिलं, ती जाडी तू होतीस. हे तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, इतकी वर्षं. आणि मी तुला मोजायचं मशीन दिलं.